दोन टर्किश मार्च, पण मुलाने वाजवायचा कोणता?

प्रश्न: मुलगा नववीत आहे, पाच वर्षं पियानो शिकतोय. डिसेंबरातल्या गॅदरिंगला ‘टर्किश मार्च’ वाजवायचं त्याच्या मनात आहे, चार मिनिटं मिळणार आहेत. पण त्याचे सर ज्याला टर्किश मार्च म्हणतात तो बेथोव्हनचा, आणि हा मोबाइलवर ऐकत बसतो तो मोझार्टचा. दोन्हींत फरक काय? अवघड कोणता? तुर्कस्तानशी यांचा खरंच काही संबंध आहे का? घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, शाळेत डिजिटल पियानो. मोझार्टचा त्याने आपला आपण बसवायला घेतलाय, पण सुरुवात इतक्या जोरात करतो की शेवटच्या पानावर हमखास अडखळतो. – एक आई, वसई

उत्तर: ताई, सर आणि मुलगा दोघंही बरोबर आहेत. या नावाच्या रचना खरोखरच दोन आहेत, आणि सोप्या पुस्तकांत दोन्हींवर नुसतं ‘टर्किश मार्च’ असंच छापलेलं असतं. आधी निकाल सांगतो: मुलाचा हात ऑक्टेव्हला (एका ‘सा’पासून पुढच्या ‘सा’पर्यंत) आरामात पुरत असेल तर मोझार्टचा वाजवू द्या. पुरत नसेल तर बेथोव्हनचा, पण सोपी आवृत्ती नीट पाहून. अडखळण्याचं म्हणाल, तर त्याचा उगम शेवटच्या पानावर नाही, पहिल्या ओळीत आहे. त्याकडे येतोच.

मोझार्टचा मार्च म्हणजे ए मेजरमधल्या पियानो सोनाटाचा (केशेल क्रमांक ३३१) तिसरा आणि शेवटचा भाग. वर ‘आल्ला तुर्का’ आणि ‘अलेग्रेत्तो’ असं लिहिलेलं असतं. रचना १७८३ च्या आसपासची, १७८४ मध्ये व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकाने छापली. ही मुळातच पियानोची रचना आहे, म्हणजे कागदावरचा प्रत्येक स्वर दोन हातांसाठीच लिहिलाय.

बेथोव्हनचं तसं नाही. त्याचा मार्च ‘अथेन्सचे भग्नावशेष’ या नाटकाच्या संगीतातला (ओपस, म्हणजे रचना क्रमांक, ११३). पेश्त शहरात, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या एका भागात, नवं जर्मन नाटकघर उघडलं, त्यासाठी हे संगीत लिहिलं गेलं आणि ९ फेब्रुवारी १८१२ रोजी पहिल्यांदा वाजलं. मार्च आहे ऑर्केस्ट्रासाठी, बी-फ्लॅट मेजरमध्ये; त्यात पिकोलो (छोटी बासरी), ट्रँगल, झांजा आणि बेस ड्रम आहेत. त्यामुळे पियानोवर आपण जे वाजवतो ते कुणीतरी केलेलं रूपांतर असतं. सगळ्यांत गाजलेलं रूपांतर अंतोन रुबिनश्टाइनचं. मात्र हीच धून बेथोव्हनने आधी, १८०९ मध्ये, पियानोसाठी वापरली होती: डी मेजरमधली सहा व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनीची सहा बदललेली रूपं, ओपस ७६. हे फार जणांना ठाऊक नसतं आणि तुमच्या मुलाच्या दृष्टीने ते उपयोगाचं आहे.

कानाने ओळखायचं तर अगदी सोपं. चार झरझर स्वरांची गिरकी घेऊन सुरू होतो तो मोझार्ट. अगदी हळू, लांबून आल्यासारखा सुरू होतो, वाढत वाढत दणदणतो आणि पुन्हा विरत जातो तो बेथोव्हन.

आता तुर्कस्तान. उस्मानी सुलतानांच्या जॅनिसरी फौजेबरोबर ‘मेहतर’ हे वाद्यपथक चालायचं. त्यात झुर्ना, तुताऱ्या, झांजा, ‘नक्कारे’ नावाचे लहान जोडनगारे, ‘कोस’ हे प्रचंड नगारे, आणि ‘दावुल’ हा गळ्यात अडकवायचा मोठा ढोल. आपली सनई आणि आपला नगारा ही याच घराण्यातली भावंडं, त्यामुळे मेहतरचं ध्वनिमुद्रण ऐकताना मराठी कानाला फार परकं वाटत नाही. १६८३ मध्ये व्हिएन्नाला वेढा पडला तेव्हा या पथकांचा आवाज शहराने धसका घेऊन ऐकला. पुढे भीती ओसरली आणि अठराव्या शतकात त्याचीच फॅशन झाली. युरोपातल्या लष्करी बँडमध्ये झांजा, ट्रँगल, बेस ड्रम आले ते याच वाटेने. मोझार्टचा तुर्की पार्श्वभूमीवरचा ऑपेरा १७८२ मध्ये व्हिएन्नात रंगमंचावर आला. त्याच्या आदल्या वर्षी वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो त्यातल्या जॅनिसरी समूहगीताबद्दल सरळच सांगतो की ते छोटं आहे, झपाट्याचं आहे आणि व्हिएन्नावाल्यांना आवडावं म्हणून लिहिलंय. मामला इतका उघड आहे. मेहतरचे मकाम (आपल्या रागांसारखे), तिथली स्वरांची बारीक चढउतार, यातलं काहीही या मार्चमध्ये नाही. मेहतरमध्ये सगळे एकच धून वाजवतात, खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगुच्छ, नसतात. इथे कॉर्डशिवाय पान हलत नाही. मेहतरच्या पुष्कळ रचना संथ, डौलदार चालीच्या असतात. इथली दुडकी चाल युरोपची.

उचललं काय, तर ठोका. आणि मुलाला समजावून सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. दावुल दोन वेगळ्या काठ्यांनी वाजतो. एका हातात जाड टिपरू, त्याचा ठोका जड मात्रेवर. दुसऱ्या हातात पातळ छडी, तिचे हलके आवाज मधल्या जागांवर. व्हिएन्नाच्या संगीतकारांनी ही ‘धम् टक टक टक’ जशीच्या तशी घेतली. मोझार्टने १७७५ च्या पाचव्या व्हायोलिन कॉन्चेर्तोमध्ये, ए मायनरच्या तुर्की भागात, चेलो आणि बेस वादकांना गज उलटा करून लाकडाने तारांवर मारायला सांगितलंय, तेही याच आवाजासाठी.

आता मुलाला आपल्या रोंडोचा, म्हणजे मोझार्टच्या मार्चचा, पहिला बार (कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) उघडायला सांगा आणि फक्त डावा हात बघा. खाली ‘ए’, मग ‘सी-ई’ ही जोडी तीनदा. ‘ए’ म्हणजे टिपरू, तीन जोड्या म्हणजे छडी. बहुतेक मुलं चारही स्वर सारख्याच जोराने दाबतात. मग ढोल गायब होतो, उरते नुसती खटखट, आणि ती भरून काढायला उजवा हात पळत सुटतो. तुमच्या मुलाचा वेग सुटतो त्याचं कारण बहुधा हेच.

एक गंमत ओघात आली म्हणून सांगतो. १८०० नंतरच्या काही व्हिएन्नी पियानोंना चक्क ‘तुर्की’ पेडल असायचं. ते दाबलं की आत एक गादीचा हातोडा साउंडबोर्डवर आपटायचा, घंट्या वाजायच्या आणि पितळी पट्टी खर्जाच्या तारांवर पडून झांजेसारखी झणझणायची. काही वादक त्या पियानोंवर हा रोंडो असा वाजवतात आणि ऐकायला भन्नाट लागतो. पण मोझार्टने तो लिहिला तेव्हा अशी पेडलं रूढ नव्हती. ढोल, झांजा, घंट्या त्याने स्वरांतूनच लिहिल्या आहेत, म्हणून त्या बोटांतूनच यायला हव्यात.

बांधणीत दोन्ही मार्च अगदी उलट आहेत. मोझार्टचे १२७ बार वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत. ए मायनरची गिरकी (बार १ ते २४) हळू आवाजात. मग ए मेजरचा ऑक्टेव्हचा दणका (२५ ते ३२), मोठ्या आवाजात. मग एफ-शार्प मायनरची धावती सोळांश (पाव मात्रेच्या) स्वरांची लड (३३ ते ५६), पुन्हा हळू. मग दणका, गिरकी, आणि तोच दणका पण ऑक्टेव्ह फोडून (८९ ते ९६), आणि शेवटी ९७ पासून कोडा, म्हणजे समारोप. म्हणजे खरी परीक्षा आहे कप्पा बदलताना क्षणात आवाजाचा पोत बदलण्याची. पहिलं पान जोरात वाजवलं की २५व्या बारला वाढवायला काही उरत नाही, आणि तिथे रचनेची सगळी मजा जाते.

बेथोव्हनचा मार्च एका सलग कमानीचा आहे. मिरवणूक दुरून येते, समोरून जाते, लांब जाते. धून जवळपास तीच, बदलतो तो आवाज. वाजायला दोनेक मिनिटं. बोटांचं काम कमी, पण आवाज पायरी-पायरीने वाढवणं आणि मुख्य म्हणजे लय न ओढता तो उतरवत नेणं भल्याभल्यांना जमत नाही. आवाज कमी झाला की हात आपोआप संथ होतो. त्यातून रुबिनश्टाइनच्या रूपांतरात भरगच्च कॉर्ड आणि उड्या आहेत. नववीतल्या मुलाला तीन महिन्यांत ते बसणार नाही, मोझार्टपेक्षा ते बरंच वरचं आहे. ‘बेथोव्हनचा सोपा’ असं जे ऐकू येतं ते दोन पानी सोप्या आवृत्त्यांबद्दल. त्या बऱ्याचदा दुसऱ्याच पट्टीत उतरवलेल्या असतात आणि धुनीवरचे छोटे अलंकारस्वर काढून टाकलेले असतात. ते काढले की झांज गेली, मागे बालगीत उरतं.

हात पुरतो का ते आता मोजा. पियानोच्या सलग आठ पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी साधारण १९ सेंटिमीटर भरते. हात सपाट ताणून अंगठा ते करंगळी १९-२० सेंटिमीटर भरत असेल तर २५व्या बारचे ऑक्टेव्ह मनगट न आवळता वाजतील. १७ च्या आसपास असेल तर ऑक्टेव्ह लागेल, पण दहा-बारा सलग वाजवताना कोपरापर्यंत हात भरून येईल. त्याला आणखी वर्षभर द्या. मोझार्टच्या काळच्या पियानोची पट्टी आजच्यापेक्षा बरीच हलकी होती आणि आजच्या जवळपास निम्मीच खोल जायची; आजची सुमारे १० मिलिमीटर जाते. त्याला जे ऑक्टेव्ह सहज होते ते आज कष्टाचे आहेत, हे लक्षात असू द्या.

सराव कसा करायचा ते मोझार्टसाठी सांगतो. पहिला आठवडा गिरकीला हात लावायचा नाही, फक्त डावा हात, ठोके देणारा मेट्रोनोम ६० वर (एक क्वार्टर, म्हणजे एक मात्रा, म्हणजे एक टिक). करंगळीने ‘ए’ भरीव, आणि तीन जोड्या इतक्या हलक्या की पट्टीवरून बोट उचललंच जात नाही. शेजारच्या खोलीत बसून तुम्हाला ‘ए’ वेगळा ऐकू आला तर जमलं. तुम्ही संगीत वाचत नसलात तरी ही परीक्षा घेऊ शकता.

मग उजवा हात. गिरकी आहे बी-ए-जीशार्प-ए आणि मग सी. बोटं ४-३-२-३ आणि ५. पुढची डी-सी-बी-सी आणि ई, बोटं तीच. पुढेही हाच साचा चालतो, म्हणून बोटं एकदा ठरवली की रोज बदलू देऊ नका. घोटाळा कुठे होतो, तर गिरकीच्या पहिल्या स्वरावर जोर पडतो. वास्तविक ते चार स्वर म्हणजे उचल आहे. सम आहे ‘सी’वर आणि नंतर ‘ई’वर. जोर उचलीवर पडला की उजव्या हाताची सम आणि डाव्या हाताचं टिपरू यांची चुकामूक होते. मुलाला आधी गिरकी न वाजवता फक्त समेचे स्वर डाव्या हाताबरोबर वाजवायला सांगा. ते ठाम बसले की मधले चार स्वर भरायचे. आणि ‘सी’ लगेच सोडायचा. त्यानंतर विराम लिहिलेला आहे, तो खाल्ला जातो.

ए मेजरच्या दणक्यात डाव्या हाताला खालून वर झपकन जाणारे छोटे स्वर आहेत, ढोलावर काठी घरंगळावी तसे. ते आधी बाजूला ठेवा. नुसते मुख्य स्वर ऑक्टेव्हबरोबर जुळवा, मग छोटे स्वर असे टाका की शेवटचा स्वर उजव्या हाताबरोबर पडेल. पहिला छोटा स्वर मात्रेवर धरणारेही वादक आहेत, पण शिकणाऱ्याच्या हातून तसं केल्यावर ठोका पसरट होतो. पेडल इथेच, तेही फक्त जड मात्रेवर आणि लगेच वर. गिरकीत आणि सोळांशांच्या लडीत पेडलवरून पाय काढूनच ठेवायचा.

एफ-शार्प मायनरच्या लडीत अंगठा काळ्या पट्ट्यांमधून वळताना एखादा स्वर गिळला जातो. त्यावर जुनाच उपाय आहे: लांब-आखूड, मग आखूड-लांब अशा लयीत पाच-पाच वेळा, आणि मगच सरळ. बार ८९ चे फोडलेले ऑक्टेव्ह बोटांनी वाजवायला गेलं की हात अडकतो. आधी तेच बार अखंड ऑक्टेव्हमध्ये, मग फक्त अंगठ्याची ओळ, मग फक्त करंगळीची, आणि शेवटी कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापासूनचा हात दोन्हीकडे फिरवत.

आता वेग. शेवटच्या पानावरची अडखळ इथून येते. मुलं वेग ठरवतात पहिल्या ओळीवरून, कारण ती सोपी असते. वेग ठरवायचा बार ८९ वरून. फोडलेले ऑक्टेव्ह ज्या वेगाला सलग तीनदा बिनचूक येतात, त्यातून ४-६ वजा करा, आणि मेट्रोनोमवरचा तो आकडा म्हणजे संपूर्ण रचनेचा वेग. सराव नेहमी शेवटाकडून सुरू करा: आधी कोडा, मग ८९ पासून शेवटपर्यंत, मग ६५ पासून. म्हणजे थकलेल्या हाताला ओळखीचाच रस्ता मिळतो. ‘अलेग्रेत्तो’ म्हणजे ‘अलेग्रो’पेक्षा बेताचं, हे मोझार्टनेच वर लिहिलंय. १२६ ला सेकंदाला आठांपेक्षा जास्त सोळांश स्वर वाजतात, ते भरपूर झालं. १४४ ला पळवणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं ऐका जरूर, पण बहुतेकांचा ढोल ऐकूच येत नाही.

चार मिनिटांचा हिशोब असा. सगळ्या पुनरावृत्ती घेतल्या तर एकूण २२३ बार होतात. १२६ ला ते साडेतीन मिनिटांत बसतात. ११२ ला मात्र बरोबर चार मिनिटं लागतात, स्टेजवर येऊन नमस्कार करायलाही वेळ उरत नाही. मुलाचा वेग ११२ च निघाला तर वेग वाढवू नका. बार ५७ पासून पुढच्या, म्हणजे परत येणाऱ्या भागांच्या पुनरावृत्ती सोडा. ४० बार वाचतात आणि रचना सव्वातीन मिनिटांत आटोपते. पहिल्या ५६ बारांतल्या पुनरावृत्ती ठेवा, कारण श्रोत्याला धून तिथेच कळते.

हात लहान निघाला तर बेथोव्हन, आणि तिथे माझी पसंती सोप्या पुस्तकाला नाही तर ओपस ७६ ला. पूर्ण सहा व्हेरिएशन्स नकोत. मूळ धून, त्याला झेपतील अशी सरांनी निवडलेली दोन व्हेरिएशन्स आणि पुन्हा धून. बेथोव्हननेही शेवटी धून परत आणली आहे, त्यामुळे हे कापलेलं वाटत नाही. स्वर बेथोव्हनचेच राहतात. मार्चचा तो लांबून येण्याचा परिणाम मात्र यात नाही, तो हवाच असेल तर धून पहिल्यांदा हळू आणि शेवटी भरीव, एवढं सरांना विचारून करता येईल.

फाझिल साय यांचं जाझ रूप आणि आर्कादी वोलोदोस यांचं रूपांतर हे मुलाच्या मोबाइलवर नक्की असणार. दोन्ही उत्तम, दोन्ही मैफलीच्या वादकांसाठी. त्यातले दोन-चार बार उचलून मूळ रोंडोत जोडायचा मोह होतो, तेवढा टाळा.

घरच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डबद्दल: अडचण पट्ट्यांच्या संख्येची नाही, वजनाची आहे. मोझार्टच्या पियानोलाही पाचच ऑक्टेव्ह होते. पण स्प्रिंगच्या हलक्या पट्टीवर टिपरू आणि छडी यांतला फरक बोटांना शिकता येत नाही, आणि स्वस्त कीबोर्डवर जोर बदलला तरी आवाज बदलत नाही. ‘टच’ किंवा ‘टच रिस्पॉन्स’ ही सोय आहे का पाहा, असेल तर चालू करा. नसेल तर घरी फक्त बोटं आणि लय पक्की करायची, आणि आवाजाचं काम सरांच्या पियानोवर, आठवड्यात निदान दोनदा. निदान शेवटचे तीन आठवडे शाळेच्या वाद्यावर रोज वीस मिनिटं मिळतात का ते मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा. नोव्हेंबरात तिथे नाचाच्या तालमी सुरू होतात आणि मग हॉल मिळत नाही.

शाळेच्या डिजिटल पियानोवर तीन गोष्टी आधी बघून घ्या. ट्रान्सपोज (सगळे स्वर वर-खाली सरकवायची सोय) शून्यावर आहे का; मुलांनी खेळून ते सरकवलेलं असतं आणि पहिल्या स्वराला वादक गडबडतो. रिव्हर्ब (आवाजातला घुमारा) बंद किंवा अगदी कमी. नाहीतर सोळांश स्वरांची खिचडी होते. आणि आवाज ठरवताना मुलाने २५वा बार वाजवायचा, तुम्ही हॉलच्या मागच्या रांगेत उभं राहायचं. दणका तिथे कानाला न टोचता भरीव लागला की बटण तिथेच सोडा. मग त्याला पहिला बार वाजवायला सांगा. डाव्या हाताचा ‘ए’ मागे पोचत नसेल तर बटण वाढवू नका, स्पीकर भिंतीकडे किंवा पडद्याकडे तोंड करून आहे का ते आधी बघा.